जेरघाटाची खानेसुमारी

मुलताईच्या पठारावरून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी चिचोंड्याच्या पुढे सातपुड्याचा उतार उतरू लागते, आणि तो उतार सरून काळ्या मातीची शेते, संत्र्याच्या बागा व जवळजवळ वसलेली खेडी दृष्टीस पडू लागतात तेथे तिगावचे स्थानक येते. तिगाव, पांढुर्णा, मोहगाव, सौसर, लोधीखेडा ही गावे ज्या सखल पट्ट्यात आहेत त्यास जुन्या सरकारी दफ्तरात जेरघाट, म्हणजे घाटाखालचा मुलूख, असे म्हणत, आणि छिंदवाड्याच्या अंगाच्या उंच प्रदेशास बालाघाट. (आजचा बालाघाट जिल्हा तो निराळा, त्याचा येथे संबंध नाही.) घाटावर गोंडी आणि हिंदी, विरळ वस्ती, लांबच लांब रान, घाटाखाली मराठी, कुणबी, भोयर पवार, तेली, कोष्टी, महार यांची गजबजलेली गावे, आणि एका गावच्या शिवेवर उभे राहिले असता दुसऱ्या गावच्या देवळाचा कळस दिसावा इतके त्यांचे सान्निध्य. एकाच जुन्या जिल्ह्यात, दोन-तीन तासांच्या पायवाटेच्या अंतराने, माणसांची घनता इतकी बदलावी, याचे कारण काय असावे?

पृथ्वीच्या नकाशाकडे पाहिले तरी हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर समोर उभा राहतो. मानवजातीपैकी जवळजवळ नऊ दशांश लोक विषुववृत्ताच्या उत्तरेस राहतात. मिसर देशातील बहुतेक सारी प्रजा नाईलच्या काठच्या एका अरुंद पट्टीत दाटली आहे आणि उरलेला देश ओसाड आहे. गंगेच्या खोऱ्यात बिहारसारख्या प्रांती एका चौरस किलोमीटरात हजारावर माणसे नांदतात, आणि मध्य प्रदेशात त्याच मोजमापास २०११ साली २३६ भरली. यावर भूगोलाच्या पुस्तकांत दिलेले उत्तर सर्वांना पाठ असते: जेथे पाणी आणि सुपीक माती तेथे माणूस. उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. जेरघाटातील जाम नदी आणि तिच्या काठची काळी माती तीनशे वर्षांपूर्वीही होतीच. तरीही त्या काळात याच मातीवरील कित्येक मौजे बेचिराग, म्हणजे जेथे दिवा लावण्यास माणूस नाही अशी पडलेली होती. जेरघाटाचा इतिहास पाहता मला असे वाटते की, या प्रदेशात माणसे आधी वसविली गेली आणि वाढली ती फार नंतर. जन्मदरापेक्षा कौल, धारा, रस्ता आणि सरहद्द यांनीच येथील लोकसंख्येचा आकार ठरविला.

माणसे वसविण्याचा हा उद्योग पुष्कळ जुना आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट छिंदवाडा जिल्ह्यात दुदिया येथे आणि शेजारच्या मुलताई तहसिलीत पट्टण येथे सापडले. ते पाचव्या शतकातील असून त्यांत ब्राह्मणांस भूमी देताना राजाने कोणकोणते कर व वेठी माफ केल्या त्यांची यादी आहे. राष्ट्रकूट तृतीय कृष्णाचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४० चा देवळीचा ताम्रपट ज्या गावाच्या दानाविषयी आहे त्याच्या चतुःसीमेत कन्दना नदी आणि मोहमग्राम यांचा निर्देश येतो. ती नदी म्हणजे कन्हान आणि ते गाव म्हणजे जेरघाटातील मोहगाव, असे विद्वानांचे मत आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी येथे शिवा आखलेली गावे होती, आणि गाव देऊन माणूस बांधून ठेवावा हे राज्यकर्त्यांस कळत होते. दानपत्राची भाषा पुण्याची असली तरी त्यातील करमाफीची कलमे पक्क्या व्यवहाराची आहेत.

मध्यंतरीची शतके अंधुक आहेत. ती सोडून आपण देवगडच्या गोंड राज्याकडे येऊ. घाटावरच्या डोंगरात आज भग्न पडलेला देवगडचा किल्ला एकेकाळी या साऱ्या मुलुखाची राजधानी होता, आणि त्याचा राजा जाटबा याचे नाव अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेले आहे. त्याच घराण्यातील बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारला, दिल्लीकडील नांदती शहरे व शेते डोळ्यांनी पाहिली, आणि परत आल्यावर आपल्या राज्यात सर्वात मोठी उणीव माणसांची आहे हे ओळखले. राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास त्याने नागपूर शहराची स्थापना केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे त्याने जातिधर्म न पाहता दूरदूरचे शेतकरी आणि कारागीर बोलावून घेतले व रान तोडून गावे बसविली. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने आपल्या १८२७ च्या अहवालात बख्त बुलंदाच्या या कर्तृत्वाची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. राजधानी डोंगरावरून सपाटीवर आली त्याबरोबर राज्याचा भारही घाट उतरून खाली आला. आणि देवगडाहून नागपुरास जाणाऱ्या वाटांच्या आसपास असलेला जेरघाट, जो पूर्वी किल्ल्याच्या पायथ्याचे अंगण होता, तो आता दोन राजधान्यांच्या मधला रस्ता झाला.

१७४३ च्या सुमारास देवगडचे राज्य रघूजी भोसल्याच्या हाती आले. भोसल्यांची मुलूखगिरी बंगाल-ओरिसापर्यंत गाजली, आणि इतिहासकारांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले; परंतु त्यांच्या जमाबंदीने खेड्यापाड्यांत जे शांत स्थित्यंतर घडविले त्याकडे लक्ष कमी गेले आहे. मराठी राज्यात ओसाड जमीन लागवडीस आणण्याची ठरलेली रीत म्हणजे कौल. कमाविसदाराकडून पाटलास आणि पाटलाकडून नव्या कुळास अभयाचा कागद मिळे. पहिल्या वर्षी धारा नाही किंवा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा, तिसऱ्या वर्षी त्याहून अधिक, असे करीत काही वर्षांनी पूर्ण धाऱ्यास पोचायचे, या चढत्या आकारणीस इस्तावा म्हणत. रान तोडून, खुंट उपटून जमीन वखराखाली येईपर्यंत हाती काही लागत नाही, हे ज्या सरकारास समजत होते त्याचाच हा कायदा असू शकतो. कुळास घर बांधण्यास लाकूड, बी-बियाण्यास तगाई, आणि न पटल्यास उठून दुसऱ्या गावी जाण्याची मुभा. कारण त्या काळी जमीन मुबलक आणि माणूस दुर्मीळ, म्हणून पाटलाने कुळाची मनधरणी करायची, कुळाने पाटलाची नव्हे. ही गोष्ट आज कोणा शेतकऱ्यास सांगितली तर तो हसेल.

या कौलांवर विसंबून कोण कोण आले? वऱ्हाडच्या व नागपूरच्या बाजूने कुणबी आले आणि त्यांच्याबरोबर पोळा, ज्वारीची भाकर आणि मराठी आली. भोयर पवार आपले मूळ माळव्यातील धारेस सांगतात. मुलताई आणि पांढुर्णा या दोन्ही बाजूंस त्यांची गावे आहेत आणि त्यांच्या बोलीत अजून माळव्याकडील छटा ऐकू येतात. गावोगावी कोष्ट्यांचे माग लागले. महारांकडे कोतवालकी, शिवेची राखण आणि जाडेभरडे कापड विणणे. गोंड कोठे गेले? काही घाटावर सरकले, काही गावातच सालदार म्हणून राहिले, आणि पांढुर्ण्याच्या आसपास आजही गावाच्या कडेला त्यांची मोहल्लेवजा वस्ती दिसते. वसाहतीच्या प्रत्येक कहाणीत कोणी तरी आधीचा असतो आणि त्याच्याकडे कौलाचा कागद नसतो. गोंडांचे राज्य असताना कौल त्यांनीच दिले होते हा दैवाचा फेरा म्हणायचा.

अठराव्या शतकात माणूस म्हणजे संपत्ती हे सूत्र केवळ नागपुरासच ठाऊक होते असे नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने ओडर नदीकाठची दलदल उपसून तेथे परदेशी कुटुंबे वसविली, आणि रशियाच्या कॅथरीन राणीने १७६३ साली जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांस व्होल्गाकाठी बोलाविले, तेव्हा त्यांनाही जमीन, करमाफी आणि धर्मस्वातंत्र्य यांचे वचन दिले. जाहीरनामा आणि कौल यांत भाषेपलीकडे फारसा भेद नाही. राज्यांची चढाओढ त्या वेळी प्रजेची संख्या वाढविण्याची होती.

पण वसविलेले गाव नांदतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या टोळ्या नर्मदेकडून सातपुडा ओलांडून नागपूरच्या राज्यात शिरू लागल्या, त्यांना घाटाच्या तोंडाशी असलेली ही खेडी सर्वांआधी सापडत; १८०३ च्या देवगावच्या तहाने मुलूख गमावलेल्या भोसल्यांस खजिना भरण्यासाठी उरलेल्या रयतेवर हात टाकावा लागला; आणि १८१७ ची सीताबर्डीची लढाई हरलेले आप्पासाहेब भोसले पुढे कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास गेले तेव्हा या भागात शांतता उरली नाही. अशा वेळी खेडे एका रात्रीत उठे. भांडी विहिरीत टाकायची, बैल रानात हाकायचे, धान्याच्या पेवाचे तोंड लिंपून घ्यायचे आणि नातलगाच्या गावी जायचे. तेथेच बस्तान बसले की परत कोण येतो? विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या भागात ‘रिठ’ म्हणून जी ओसाड गावठाणे दाखविली जातात ती निरखून पाहण्यासारखी आहेत: नांगरटीच्या मधोमध उंचवट्याची पांढरी माती, तीत खापऱ्यांचे तुकडे, चिंचेची दोन-चार जुनी झाडे, शेंदूर माखलेला मारुती, कोठे बुजलेली विहीर. माणूस नसला तरी महसुली दफ्तरात त्या मौज्याचे नाव जिवंत असते, त्याचा सातबारा निघतो, धारा भरला जातो, आणि चैत्रात शेजारच्या गावाचे लोक मारुतीस नारळ फोडून येतात. लोकसंख्येच्या इतिहासाचे याहून प्रामाणिक साधन मी पाहिलेले नाही. कारण गणतीच्या तक्त्यात असलेल्यांची संख्या लिहितात, आणि रिठ नसलेल्यांची नोंद ठेवते.

याच काळात विलायतेत विचाराचे वारे फिरले होते. १७९८ साली थॉमस माल्थसने आपला प्रसिद्ध निबंध छापला आणि प्रजावृद्धी हे राज्याचे भूषण नसून अन्नाच्या मर्यादेपुढे तेच संकट आहे, असा सिद्धांत मांडला. या गृहस्थाचा आपल्याशी दूरचा का होईना संबंध आहे. १८०५ पासून मरेपर्यंत तो हेलीबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या विद्यालयात अध्यापक होता, आणि हिंदुस्थानात कलेक्टर म्हणून येणारी पोरे त्याच्या हाताखालून गेली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि त्याचा चीफ कमिशनर म्हणून आलेला रिचर्ड टेंपल हाही हेलीबरीचाच विद्यार्थी होता, जरी तोवर माल्थस जाऊन काही वर्षे लोटली होती. टेंपलच्या अमदानीत मालगुजारीचा बंदोबस्त झाला. पूर्वी थोड्या मुदतीने गाव करून घेणारा पाटील आता गावचा मालक ठरला. कुळाची मनधरणी करण्याचे त्यास कारण उरले नाही. आणि त्याच अमदानीत, नोव्हेंबर १८६६ मध्ये, मध्य प्रांताची पहिली खानेसुमारी झाली.

संबंध हिंदुस्थानची एकाच वेळी शिरगणती झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री, आणि १९३१ पर्यंत ती एकरात्रीची पद्धत चालली. तिची योजना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. चांदणे असलेली रात्र निवडायची, जत्रा आणि लग्नाच्या तिथी टाळायच्या. कित्येक आठवडे आधी प्रत्येक घराच्या दारावर गेरूने आकडा घालायचा. पटवारी, शाळामास्तर आणि गावातले जे कोणी लिहिते असतील त्यांना गणक नेमून प्रत्येकाकडे घरांचा एकेक गट सोपवायचा. त्यांनी आगाऊ तक्ते भरून ठेवायचे, आणि ठरलेल्या रात्री कंदील घेऊन पुन्हा दारोदार फिरून, मेलेल्याचे नाव खोडायचे आणि जन्मलेल्याचे किंवा पाहुण्याचे चढवायचे. गावात निजलेला वाटसरू, नदीकाठी उतरलेला गाडीवानांचा तळ, मळ्यातला राखणदार, कोणी सुटता कामा नये.

कागदावर हे सरळ दिसते. दारात गेल्यावर ते तसे राहत नाही. दारावर आकडा पडला की घरपट्टी येणार, किंवा पोरे पलटणीत नेणार, अशी वदंता उठे. मुले मोजली की दृष्ट लागते, ही समजूत तर आजही पुरती गेलेली नाही. घरधन्याचे नाव विचारले तर बायको सांगणार नाही, शेजारीण सांगणार. आणि वय विचारले तर म्हातारा म्हणणार, ‘भोसल्यांच्या राज्यात गुरं राखत होतो, तुम्हीच लावा हिशोब.’ म्हणून जुन्या तक्त्यांत चाळीस, पन्नास, साठ अशा दशकांच्या टोकावर माणसांची अस्वाभाविक गर्दी आढळते, आणि एकेचाळीस किंवा एकोणसाठ वर्षांचे लोक या देशात जणू जन्मासच आले नव्हते.

दहा वर्षांनी एकदा येणाऱ्या गणतीपेक्षा रोजच्या जन्ममृत्यूची नोंद अधिक कठीण, आणि तिचा सारा भार मध्य प्रांतात कोतवालावर होता. गावात मूल जन्मले किंवा माणूस मेले की त्याने आपल्या वहीत कोणाकडून तरी ते लिहून घ्यायचे आणि ठरलेल्या दिवशी ती वही घेऊन पोलीस ठाण्यावर जायचे. तेथला मुन्शी तीवरून ठाण्याच्या पुस्तकात नोंद चढवी. बहुधा निरक्षर असलेला, अल्प वेतनावर राबणारा, गावात ज्याला ओसरीवर बसता येत नसे असा हा मनुष्य मैलोगणती चालत जाऊन प्रांताच्या जन्ममृत्यूचे प्रमाण ठरवीत होता. मृत्यूचे कारण तोच सांगे, म्हणून बहुतेक मरणे ‘ताप’ या एकाच रकान्यात गेली आहेत. या वह्यांस विदर्भात कोतवाल बुक म्हणतात, आणि जातीचा दाखला मिळविण्यासाठी पणजोबाच्या जन्माची नक्कल शोधीत आज शेकडो लोक तहसिलीच्या अभिलेख कक्षात खेटे घालतात. ज्या माणसाच्या पुराव्यास त्या काळी पंचायतीत किंमत नव्हती त्याचाच पुरावा आता निर्णायक ठरला आहे.

आकड्यांनी काय सांगितले ते आता पाहू. छिंदवाडा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे चार लाख सात हजार होती, आणि १९०१ मध्येही ती जेमतेम चार लाख आठ हजारच भरली. दहा वर्षांत काही घडले नाही असे यावरून कोणी समजेल. प्रत्यक्षात त्या दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले, ज्यांतल्या दुसऱ्याची छप्पनचा दुष्काळ म्हणून म्हाताऱ्यांच्या तोंडी आठवण राहिली. मध्य प्रांताची एकंदर प्रजा त्या दशकात सुमारे आठ टक्क्यांनी घटली. मग छिंदवाड्याचा आकडा स्थिर कसा राहिला? माझा तर्क असा की, मोहाची फुले, चारोळी, कंदमुळे आणि रानातली शिकार ज्यांच्या हाताशी होती त्यांना गव्हाच्या किंवा भाताच्या एका पिकावर विसंबणाऱ्या सुपीक जिल्ह्यांपेक्षा तग धरणे सोपे गेले असावे. आणि जेरघाटात मुख्य पीक ज्वारी व कापूस, जे कमी पाण्यात काही तरी हाती देते. भूगोलाचे पाठ केलेले उत्तर येथे उलटे फिरते: उत्तम मातीच्या प्रदेशात माणसे अधिक मेली.

१९११ नंतरच्या दशकाने मात्र कोणास सोडले नाही. १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आगगाडीच्या वाटेने मुंबईहून आत शिरली आणि रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत तिने घरेच्या घरे आडवी केली. मध्य प्रांत हा तिच्या तडाख्यात सर्वाधिक सापडलेल्या प्रांतांपैकी एक होता. मरणाऱ्यांत तरणीताठी माणसे फार, म्हणून पुढच्या वर्षी जन्मही घटले. साऱ्या देशाचा हिशोब १९२१ साली लागला तेव्हा दहा वर्षांपूर्वी जी प्रजा पंचवीस कोटी एकवीस लाख होती ती पंचवीस कोटी तेरा लाखांवर आलेली आढळली. आयुर्मानाची सरासरी त्या दशकात वीस वर्षांच्या आसपास होती. म्हणजे सारे विशीत मरत होते असे नव्हे. अर्भके इतकी मरत की जगलेल्यांची वर्षे त्यांच्या वाट्याला वाटून सरासरी तेवढी खाली येई. आपल्या आजीपणजीच्या बाळंतपणांची संख्या ऐकून आपण आज नवल करतो, पण त्या दहा-बारांतून हाती लागलेली तीन-चार होती.

१९२१ हे हिंदुस्थानच्या लोकसंख्येचे जलविभाजक वर्ष मानतात, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर एकाही गणतीत आकडा मागे गेला नाही. योगायोगाने जेरघाटाचे दळणवळणही त्याच सुमारास बदलले. नागपुरास आगगाडी १८६७ मध्येच आली होती आणि १८७७ मध्ये तेथे टाटांची एंप्रेस गिरणी सुरू झाली होती. तिच्या सुताने आणि विलायती कापडाने या बाजूच्या कोष्ट्यांचे माग हळूहळू थंडावले व त्यांतील पुष्कळांनी नागपूरची वाट धरली. १९१३ च्या सुमारास छिंदवाड्याहून सौसर, लोधीखेडा करीत नागपुरास जाणारी छोटी गाडी धावू लागली, आणि १९२३-२४ च्या सुमारास इटारसी-नागपूर हा मोठा मार्ग पुरा होऊन पांढुर्णा व तिगाव ही ठिकाणे पुढे दिल्ली-मद्रासच्या हमरस्त्यावर आली. सरकी काढण्याच्या कारखान्यांनी पांढुर्णा कापसाची पेठ बनले. घाटावर पेंच खोऱ्यात कोळशाच्या खाणी निघाल्या आणि विरळ वस्तीच्या परासियाकडे परप्रांतीय मजुरांची रीघ लागली. इतक्या सोयी झाल्यावर पांढुर्ण्यासारखे गाव भराभर फुगायला हवे होते. ते फुगले नाही.

येथे तीन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९०१ ते २०११ या काळात छिंदवाडा जिल्ह्याचे क्षेत्र, मधल्या काळात सिवनी त्यात येऊन पुन्हा वेगळी झाली तरी, अखेरीस जवळपास पूर्वीइतकेच राहिले. म्हणून तुलना रास्त होते. जिल्ह्याची प्रजा चार लाख आठ हजारांवरून वीस लाख नव्वद हजारांवर गेली, म्हणजे पाचपटीहून किंचित अधिक. भारताची तेवीस कोटी चौऱ्याऐंशी लाखांवरून एकशे एकवीस कोटींवर गेली, हीही पाचपटच. आणि पांढुर्णा शहराची सुमारे नऊ हजारांवरून सुमारे पंचेचाळीस हजारांवर, पुन्हा पाचपट. जग त्या अवधीत चौपटीच्या थोडे पलीकडे गेले. शहर आपल्या जिल्ह्याच्या गतीनेच वाढावे, याचा अर्थ त्याने खेड्यांतून माणसे ओढली नाहीत, किंवा ओढली तितकीच पुढे सोडली. तो ओढा नागपूरचा होता. रेल्वेने तिगावास जगाशी जोडले ते बाहेर जाण्याच्या दिशेने: गाडीत संत्री चढली, कापूस चढला, आणि गिरणीत, कचेरीत, पुढे बुटीबोरीच्या कारखान्यांत काम शोधणारी पोरेही चढली. कौल देऊन माणसे बोलावणारा हा मुलूख आता माणसे पाठविणारा झाला.

वाढ मुख्यतः जन्म अधिक झाल्याने झाली, ही समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. जन्म पूर्वीइतकेच, मरण कमी, हे तिचे मर्म. देवीची लस, मलेरियावरील फवारणी, स्वस्त धान्याची दुकाने, विहिरीत टाकलेली औषधे, अशा साध्या गोष्टींनी ते घडविले. मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच, म्हणजे नेमक्या त्या जलविभाजक वर्षी, संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि त्यापायी नोकरी व प्रतिष्ठा दोन्ही पणास लावली. सरकारास तो विचार पटायला १९५२ उजाडले, आणि १९७५-७७ च्या आणीबाणीत सक्तीच्या शस्त्रक्रियांनी तो इतका बदनाम झाला की खेड्यात सरकारी जीप दिसली की पुरुष रानात पळत. तरीही अखेरीस जन्म घटले, ते सक्तीने नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात एका स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण दोन आणि महाराष्ट्रात १.७ निघाले, पिढीला पिढी भरून काढण्यास लागते त्याहून हे दोन्ही आकडे कमी आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात जगाची लोकसंख्या आठशे कोटींवर गेली आणि २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले, तेव्हा वृत्तपत्रांनी धोक्याची घंटा वाजविली; परंतु संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत अशी बागवाल्यांची तक्रार असते, आणि तिला मी जास्त वजन देतो.

मोजणीने आणखी एक निकाल लावला, तो भाषेचा. प्रत्येक खानेसुमारीत मातृभाषेचा रकाना असे, आणि सौसर तहसील मराठी भाषिक आहे हे त्यावरून आणि जुन्या गॅझेटियरांवरून स्पष्ट होते. परंतु राज्यांच्या पुनर्रचनेसाठी १९५३ साली नेमलेल्या फाजल अली आयोगाने भाषेच्या विचारात एकंदरीने जिल्हा हे परिमाण धरले. विदर्भ म्हणून जे आठ जिल्हे त्याने वेगळे काढले त्यांत छिंदवाडा नव्हता, कारण पूर्ण जिल्ह्याच्या बेरजेत घाटावरची हिंदी आणि गोंडी बोलणारी प्रजा अधिक भरत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला हलली, आणि काटोल-नरखेडचे सोयरे असलेले पांढुर्ण्याचे लोक दुसऱ्या राज्यात राहिले. तहसील हा घटक धरला असता तर उत्तर वेगळे आले असते. गाव हा घटक धरला असता तर आणखी वेगळे. पुढे बेळगावच्या वादात महाराष्ट्राने गाव हाच घटक धरावा असा आग्रह धरला, तेव्हा त्याच तत्त्वावर सौसरचा हक्क मांडणारा आवाज मोठा नव्हता. जेरघाट कोणी बेळगावाइतक्या त्वेषाने मागितला नाही, आणि खरे सांगायचे तर येथल्या लोकांनीही फार आरडाओरडा केला नाही. मुलगी नरखेडला द्यायची, माल नागपूरला न्यायचा, दाखला छिंदवाड्याहून आणायचा, शाळेत हिंदी आणि घरी मराठी, अशी त्यांनी आपापली वहिवाट पाडून घेतली.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि घाटावर व घाटाखाली अशी जी विभागणी जुन्या दफ्तरात होती ती जवळजवळ तशीच्या तशी प्रशासनाच्या नकाशावर परत आली. मात्र या जिल्ह्याची जिल्हा म्हणून अद्याप एकदाही गणती झालेली नाही. २०२१ ची शिरगणती महामारीमुळे राहून गेली आणि दीडशे वर्षांत प्रथमच या देशाच्या मोजणीची माळ तुटली. आता १ मार्च २०२७ हा तिचा मुहूर्त ठरला असून या खेपेस जातीचाही रकाना भरला जाणार आहे. गेरूच्या जागी भ्रमणध्वनीवरील तक्ता येईल. त्यात तिगावची घरे, नागपुरास गेलेल्यांची रिकामी घरे, आणि मातृभाषेचा रकाना यांची जी नोंद होईल, तीवरून १९५६ साली जिल्ह्याच्या बेरजेत बुडालेला जेरघाटाचा मराठी आकडा जिल्ह्याचा आकडा म्हणून प्रथमच वेगळा वाचता येईल. हिंदी शाळेत शिकून मोठी झालेली पिढी त्या रकान्यात कोणती भाषा सांगते यावर तो केवढा भरेल हे अवलंबून आहे.